काचेवरच्या थेंबाची दखल

पाणी पारदर्शक आहे आणि काचही पारदर्शक आहे. तरीसुद्धा मोटारीच्या पुढच्या काचेवर पावसाचे शे-दोनशे थेंब पडले की पलीकडचे जग दिसेनासे होते, ही गोष्ट रोजच्या परिचयाची असल्यामुळेच आपल्याला तिचे नवल वाटत नाही. वास्तविक थेंब प्रकाशाला अडवीत नाही. तो त्याला वाट देतो, मात्र देताना वळवितो. बाहेरच्या अंगाने फुगीर असलेला प्रत्येक थेंब म्हणजे एक स्वतंत्र भिंग, आणि अशी शेकडो भिंगे, भिन्न भिन्न वक्रतेची, परस्परांशी कसलाही मेळ नसलेली, एकाच काचेवर येऊन बसली म्हणजे समोरच्या रस्त्याचे, झाडाचे आणि गाडीचे तितकेच तुकडे होतात व त्यांतून एकसंध चित्र जुळविणे डोळ्याला अशक्य होऊन बसते. रात्रीच्या वेळी समोरच्या गाडीचा झोत या भिंगसमुदायावर पडला तर काय होते, ते जुलै महिन्यात ज्याने मुंबई-गोवा रस्त्यावर एकदा तरी गाडी हाकली आहे त्याला सांगावयास नको. उलटपक्षी तेच पाणी जर एकसारख्या जाडीच्या थरात पसरले तर थराचे दोन्ही पृष्ठभाग समांतर राहतात, किरण आत शिरताना जितका वळतो तितकाच बाहेर पडताना उलट दिशेने वळतो, आणि दृष्टीला फारसा बाध येत नाही. म्हणून वायपर काच कोरडी करतो हा सार्वत्रिक समज तितकासा खरा नाही. रबराची धार काचेवरून फिरून गेली की तिच्यामागे पाण्याचा एक अत्यंत पातळ पापुद्रा शिल्लक राहतोच. वायपरचे काम पाणी हटविण्याइतकेच ते सपाट करण्याचे आहे, आणि उन्हाने ताठरलेल्या, धारेला चिरा गेलेल्या रबराचा वायपर निरुपयोगी ठरतो तो पाणी मागे ठेवतो म्हणून नव्हे, तर ते रेघारेघांनी असमान ठेवतो म्हणून.

थेंबाचा हा जो प्रकाशाला वळण लावण्याचा गुण चालकाला उपद्रवकारक होतो, त्याच गुणाच्या आधारे आजकालच्या अनेक मोटारी पाऊस आल्याचे स्वतः ओळखतात आणि चालकाने हात न हलविता वायपर सुरू करतात, त्याची गती वाढवितात, कमी करतात आणि पाऊस थांबला की त्याला विश्रांती देतात. 'रेन-सेन्सिंग वायपर' या नावाने विक्रेते ज्याची वाखाणणी करतात आणि नव्या गाडीच्या सोयींच्या यादीत ज्याचा उल्लेख आपण वाचून पुढे जातो, तो प्रकार हाच. त्याच्यामागची कल्पना इतकी सुबक आहे की तिचा इतिहास आणि तिच्या मर्यादा या दोहोंची थोडी सविस्तर विचारपूस करावी असे मला वाटते.

इतिहासाचा आरंभ न्यूयॉर्कच्या एका हिवाळ्यात होतो. १९०२ साल सरून १९०३ उजाडण्याच्या सुमारास अलाबामा संस्थानातून आलेली मेरी अँडरसन नावाची एक स्त्री तेथील ट्राममधून जात असता तिच्या असे दृष्टीस पडले की, हिमवृष्टीने काच माखली की चालकाला एक तर काच उघडून बोचरा वारा तोंडावर घ्यावा लागतो, नाही तर गाडी थांबवून खाली उतरून हाताने काच पुसावी लागते. आणि या दोहोंमुळे गाडीतील सर्व उतारूंचा खोळंबा होतो. हा त्रास हजारो लोक निमूटपणे सोशीत होते, कारण जो त्रास पावसाबरोबर येतो तो पावसासारखाच अटळ मानण्याची मनुष्यस्वभावाची रीत आहे. या बाईंनी गावी परतून आतून फिरविता येणाऱ्या दांड्याला बाहेरच्या बाजूस रबराची पट्टी जोडलेले एक साधन तयार केले आणि १० नोव्हेंबर १९०३ रोजी त्याचे पेटंट मिळविले. दोन वर्षांनी कॅनडातील एका पेढीकडे त्यांनी ते विक्रीस देऊ केले, तेव्हा या वस्तूला व्यापारी मूल्य नाही असा शेरा मारून पेढीने तो प्रस्ताव नामंजूर केला. सतरा वर्षांची मुदत संपून पेटंटाचा हक्क १९२० साली लयास गेला, आणि १९२२ साली कॅडिलॅक कंपनीने आपल्या गाड्यांना वायपर सरसकट बसविण्यास प्रारंभ केला तेव्हा बाईंच्या पदरी त्यातील एक कपर्दिकाही पडली नाही.

अँडरसनबाईंच्या साधनात दांडा फिरविण्याची मेहनत माणसाचीच होती. ती मेहनत पुढे इंजिनावर सोपविण्यात आली, पण त्याची तऱ्हा मोठी गमतीची होती. इंजिन हवा आत ओढते त्या नळीत जो वायुदाबाचा उणेपणा निर्माण होतो, त्याच्या जोरावर हे वायपर चालत. साहजिकच चढावर चालकाने जोर देण्यासाठी पेडल दाबले की नळीतला तो उणेपणा नाहीसा होई आणि वायपर मलूल होऊन जागच्या जागी रेंगाळत, तर उतारावर पेडल सोडताच तेच वायपर वेड्यासारखे धावू लागत. म्हणजे भर पावसात घाट चढताना, जेव्हा त्यांची गरज सर्वांत अधिक, नेमके तेव्हाच ते रजेवर जात. बॉश या जर्मन कंपनीने १९२६ साली विजेच्या मोटरवर चालणारा वायपर बाजारात आणला आणि कालांतराने सर्वत्र विजेचाच अंमल बसला. तेव्हापासून हाताचे श्रम संपले. शिल्लक राहिला तो निर्णय: वायपर केव्हा सुरू करावयाचा, किती वेगाने फिरवावयाचा आणि केव्हा थांबवावयाचा. या निर्णयाची मुखत्यारी माणसाकडून यंत्राकडे कशी जात गेली, ही उरलेली कथा.

तिचा पहिला टप्पा रॉबर्ट कर्न्स या अमेरिकन अभियंत्याच्या नावाशी निगडित आहे. १९५३ साली, विवाहाच्या रात्री, शॅम्पेनच्या बाटलीचे बूच उडून या गृहस्थांच्या डाव्या डोळ्यावर आदळले आणि त्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. पुढे दहा वर्षांनी रिमझिम पावसात गाडी चालवीत असता, त्या काळच्या वायपरची अखंड खरडपट्टी त्यांच्या दुखावलेल्या दृष्टीला असह्य होऊ लागली. आणि त्यांच्या मनात असा विचार आला की, आपल्या डोळ्याची पापणी अखंड फडफडत नाही, ती काही क्षण थांबून एकदा मिटते आणि पुन्हा थांबते, मग वायपरनेही तसेच का करू नये? पाऊस थोडा असताना वायपर सतत फिरला तर दोन थेंबांच्या मधल्या काळात तो कोरड्या काचेवर खरवडत राहतो, आणि बंद ठेवला तर काच भरून जाते; त्यामुळे चालकाला दर मिनिटाला बटणाशी खेळत बसावे लागे. कर्न्स यांनी विद्युतभार साठवून सोडणारा एक धारक, एक ट्रान्झिस्टर आणि कमीजास्त करता येणारा एक रोधक एवढ्या सामग्रीवर असे मंडल रचले की, धारक भरावयास जितका वेळ लागेल तितका वेळ वायपर थांबावा, आणि हा वेळ रोधक फिरवून चालकाला हवा तसा ठरविता यावा.

१९६४ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज दाखल केला आणि तीन वर्षांनी ते मंजूर झाले. मधल्या काळात फोर्ड कंपनीच्या अभियंत्यांपुढे त्यांनी आपली युक्ती दाखविली होती. परंतु बोलणी पुढे थंडावली आणि १९६९ साली फोर्डने थांबून थांबून फिरणारा वायपर आपल्या गाड्यांत आणला, तो कर्न्स यांना वगळून. १९७८ साली त्यांनी फोर्डवर फिर्याद गुदरली. कंपनीची कैफियत अशी की, या मंडलातील प्रत्येक घटक पूर्वीपासून ज्ञात आहे, तेव्हा यात शोध तो कसला? वर्षामागून वर्षे गेली, त्यांचे वकील बदलले, संसार मोडला, आणि अखेरीस बराचसा खटला या गृहस्थांनी स्वतःच लढविला. १९९० साली पंचांनी पेटंटाचा भंग झाल्याचा, पण तो बुद्ध्या न झाल्याचा निर्णय दिला, आणि फोर्डने एक कोटी दोन लाख डॉलर देऊन प्रकरण मिटविले. क्रायस्लरविरुद्धच्या दाव्यात व्याजासह तीन कोटींच्या आसपास रक्कम त्यांना मिळाली. २००५ साली ते निवर्तले, आणि तीन वर्षांनी हॉलिवूडने त्यांच्यावर चित्रपट काढला. फोर्डच्या वकिलांचा मुद्दा मला अगदीच पोकळ वाटत नाही, परंतु त्याच न्यायाने अक्षरे सर्वांना ठाऊक आहेत म्हणून ग्रंथकर्तृत्व कोणाचेच नाही असे म्हणावे लागेल.

कर्न्स यांच्या पापणीला मात्र एक उणीव होती. ती ठराविक काळाने मिटे. धूळ उडाली, पाणी उडाले, तर ते तिला कळत नसे. खरी पापणी चिथावणीला उत्तर देते. ही उणीव भरून काढण्याचा एक अत्यंत चतुर प्रयत्न सित्रोएन या फ्रेंच कंपनीने १९७० साली आपल्या एसएम नावाच्या मोटारीत केला. ओल्या काचेवर रबर सहज घसरते आणि कोरड्या काचेवर अडखळते, हे सर्वांना ठाऊक आहे. अडखळले की मोटरला अधिक वीज ओढावी लागते. सित्रोएनने ही ओढलेली वीज मोजली, आणि ती अधिक दिसली म्हणजे काच कोरडी होत चालली आहे असे गृहीत धरून दोन फेऱ्यांमधला अवकाश वाढविला. पाऊस ओसरल्यावर वायपरचा जो किरकिराट होतो आणि जो ऐकून आपण तो बंद करतो, त्याचीच ही विद्युत-भाषेतील नोंद होती असे म्हटले तरी चालेल; चालकाच्या कानाचे काम मोटरच्या तारेवर सोपविले गेले होते. पण या रीतीने पाऊस आला हे कळण्यासाठी वायपर आधीच फिरत असावा लागतो. थांबलेल्याला ओल कळत नाही. पुढे जपानमध्ये बोनेटवर स्फटिकाची चकती बसवून तिच्यावर पडणाऱ्या थेंबांच्या आघातांनी निर्माण होणाऱ्या सूक्ष्म विजेवरून पावसाचा अदमास घेण्याचे प्रयोग झाले. तेथे पावसाचे मोजमाप काचेवर न होता काचेच्या शेजारी होत होते. अमेरिकेत १९९६ साली कॅडिलॅकच्या काही गाड्यांत पाऊस ओळखणारा वायपर आला, आणि तेव्हापासून जी प्रकाशाची रीत हळूहळू सर्वत्र रूढ झाली तिच्याकडे आता वळू.

विहिरीत बुडी मारून डोळे उघडे ठेवून वर पाहणाऱ्याला माथ्यावर आकाशाचे एक वर्तुळ दिसते, आणि त्या वर्तुळाबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा चकाकत असलेला दिसतो. याचे कारण असे की, दाट माध्यमातून विरळ माध्यमात जाऊ पाहणारा किरण जर पृष्ठभागावर पुरेसा तिरका येऊन पडला, तर त्याला बाहेर पडण्याची मुभाच मिळत नाही. तो संपूर्णपणे आत परत फेकला जातो. किती तिरके म्हणजे पुरेसे, हे दोन्ही माध्यमांच्या वक्रीभवनांकावरून ठरते. काचेचा हा अंक सुमारे १.५, हवेचा १ आणि पाण्याचा १.३३. या आकड्यांवरून हिशेब केला असता, काचेतून हवेत जाणाऱ्या किरणासाठी ही सीमा लंबापासून सुमारे ४२ अंशांवर येते, तर काचेतून पाण्यात जाणाऱ्या किरणासाठी ती सुमारे ६२ अंशांवर जाते. आता या दोन सीमांच्या दरम्यान, ४५ अंशांच्या कोनात, काचेच्या आतल्या बाजूने एक किरण बाहेरच्या पृष्ठभागाकडे सोडला तर काय होईल? काच बाहेरून कोरडी असेल तर तिच्यापलीकडे हवा आहे, ४५ हे ४२ पेक्षा अधिक आहेत, म्हणून किरण संपूर्ण परत येईल. त्या जागी पाण्याचा थेंब असेल तर पलीकडे पाणी आहे, ४५ हे ६२ पेक्षा कमी आहेत, म्हणून किरणाचा बहुतेक भाग थेंबात शिरून निघून जाईल आणि आत फारच थोडा परतेल. सारी युक्ती ती एवढीच: प्रकाश पाठवावयाचा, आणि परत किती आला ते मोजावयाचे.

पुढच्या काचेवर आतून, मागचे दाखविणाऱ्या आरशाच्या मागे, काळ्या ठिपक्यांच्या पट्ट्याआड एक लहानशी डबी चिकटविलेली असते, ती याच कामासाठी. तिच्यात प्रकाश देणारे डायोड असतात, तो प्रकाश योग्य कोनात काचेत सोडणारी व परत गोळा करणारी भिंगे असतात, आणि आलेल्या प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारा ग्राहक असतो. हा प्रकाश अवरक्त, म्हणजे तांबड्याच्याही पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा असतो, जेणेकरून चालकाच्या नजरेसमोर दिवा लुकलुकत राहू नये. सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण विपुल असतात. तेव्हा आपला प्रकाश कोणता आणि सूर्याचा कोणता याचा घोटाळा टाळण्यासाठी डबी आपला प्रकाश अखंड न देता ठराविक लयीत स्पंदरूपाने देते, आणि त्या लयीत जे परत येईल तेवढेच आपले म्हणून जमेस धरते. डबी आणि काच यांच्यामध्ये हवेचा थर राहिला तर किरण वाकड्या कोनात काचेत शिरूच शकणार नाही. म्हणून त्यांच्यामध्ये मऊ, पारदर्शक जेलची गादी दाबून बसविलेली असते. या क्षुल्लक दिसणाऱ्या गादीचे महत्त्व पुढे दिसून येईल.

येथवर पदार्थविज्ञानाचे काम झाले. खरी अडचण यापुढे सुरू होते. परत येणारा प्रकाश घटला एवढ्यावरून वायपर फिरविणे सोपे आहे, परंतु किती घटला म्हणजे फिरवावयाचा? सर्वसाधारण व्यवस्था अशी असते की, यंत्र केवळ घट पाहत नाही, घट कोणत्या गतीने होत आहे ते पाहते. वायपर एकदा फिरला की डबीसमोरची काच स्वच्छ होते, परतीचा प्रकाश मूळपदावर येतो, आणि तेथपासून तो पुन्हा किती त्वरेने उतरू लागतो यावरून पावसाचा जोर ठरतो. त्वरेने उतरला तर पुढची फेरी लवकर, हळू उतरला तर उशिरा. यास्तव ही डबी वायपरच्या फिरण्याच्या क्षेत्रातच असावी लागते; ती बाहेर राहिली तर एकदा ओली झालेली तिची जागा कधी पुसलीच जाणार नाही. पुष्कळ गाड्यांत या हिशेबात गाडीचा वेगही धरतात, कारण वेग वाढला की तोच पाऊस काचेवर अधिक आदळतो, आणि सिग्नलपाशी गाडी थांबली की वायपरही सबुरीने घेतो. त्याच डबीत सभोवतीचा उजेड मोजणारी सोय सहसा असते आणि तिच्यावर हेडलाइट आपोआप लागतात. अंधार असेल तर काही यंत्रे वायपरची तत्परताही वाढवितात, कारण ज्या थेंबांकडे दिवसा दुर्लक्ष करता येते तेच रात्री समोरच्या दिव्यांनी असह्य होतात.

एवढे सारे करूनही ही डबी पाऊस मोजीत नाही, आणि चालकाला किती दिसते हेही मोजीत नाही. ती मोजते ते चौरस मीटरभर काचेपैकी काही चौरस सेंटिमीटरांच्या एका तुकड्यावरून नाहीसा झालेला प्रकाश. तिच्या बहुतेक चुका या एका गोष्टीतून उद्भवतात. रिमझिम सुरू झाली की पहिले वीस-पंचवीस थेंब काचेवर कोठेही पडतील. चालकाच्या डोळ्यासमोर नेमके पडतील आणि डबीसमोर एकही पडणार नाही, असे सहज घडते, व वायपर स्वस्थ बसलेला पाहून चालक त्याला दूषणे देतो. याउलट डबीसमोर एखादा किडा आपटला, पुढच्या ट्रकने चिखलाचा शिंतोडा उडविला किंवा काचेला तेथेच खडा लागून टवका उडाला, की लख्ख उन्हात वायपर फिरू लागतो. आणि चिखल कोरड्या काचेवर फिरविला जाणे हे काचेच्या दृष्टीने पावसापेक्षा कितीतरी वाईट, कारण त्यातील रेतीचे कण रबराखाली सापडून ओरखडे पाडतात. पाणी न धरणारे मेण जे लोक हौसेने काचेवर चोळतात, त्यांच्या काचेवर थेंब गोळीसारखे गरगरीत उभे राहतात आणि काचेला फारच थोड्या जागेवर स्पर्श करतात. तितकी डबीला मिळणारी खबर कमी.

आपल्याकडच्या पावसाळ्याची तक्रार आणखी वेगळी आहे. ताम्हिणीत किंवा आंबोलीत ढग रस्त्यावर उतरतो तेव्हा काचेवर जे बसते ते थेंब नव्हेत, डोळ्यांना सुटे न दिसणारे तुषार असतात. त्यांचा थर हळूहळू दाटत जातो आणि यंत्राच्या मनाची बराच वेळ तयारी होत नाही. त्याहून मोठा घोटाळा काचेच्या आतल्या बाजूचा. बाहेर पाऊस, आत चार-पाच माणसे, ओले कपडे, ओल्या छत्र्या, यांच्या दमटपणाने काच आतून धुकटते, आणि वायपर कितीही इमानाने फिरत असला तरी समोरचे दिसत नाही. डबी काचेला आतून घट्ट चिकटलेली असल्याने तिच्या जागी धुके बसूच शकत नाही. तिच्या हिशेबी काच निर्मळ असते. हे धुके वायपरच्या अधिकारक्षेत्रात येत नाही, ते एसीच्या कोरड्या हवेने हटवावे लागते, हे अनेक चालकांच्या गावी नसते. ते वायपरचा वेग वाढवीत राहतात आणि फडक्याने काच पुशीत राहतात.

भारतात ही सोय आरंभी महाग परदेशी गाड्यांपुरती होती. मग २०११ साली आलेल्या आणि पुण्याजवळ चाकण येथील कारखान्यात तेव्हा तयार होत असलेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ५०० सारख्या गाड्यांच्या वरच्या आवृत्तींतून ती मध्यमवर्गाच्या आटोक्यात आली. तिच्याबरोबर गॅरेजमध्ये एक नवी तक्रारही रुजू झाली. दगड लागून पुढची काच फुटते, विम्याचा दावा मंजूर होतो, नवी काच बसते, आणि दुसऱ्या दिवसापासून कोरड्या काचेवर वायपर स्वतःच्या मर्जीने फिरू लागतो किंवा धो धो पावसातही ढिम्म राहतो. पुष्कळदा दोष डबीचा नसतो. जुनी जेलची गादी तशीच पुन्हा चिकटविल्यामुळे तिच्यात हवेचे बुडबुडे अडकलेले असतात, आणि बुडबुड्यापाशी किरणाची सारी वाट बिघडते. काही रुपये वाचविण्यासाठी गादी बदलण्याची टाळाटाळ होते आणि पुढे महागडी डबी बदलण्याची शिफारस केली जाते. नवी काच बसविताना गादी नवी आहे ना, एवढी चौकशी मालकाने केली तर पुष्कळ मनस्ताप वाचेल. त्याचप्रमाणे गाडी धुवावयास देण्यापूर्वी दांडी 'ऑटो'वरून 'ऑफ'वर आणून ठेवावी; चावी चालू असताना धुणाऱ्याचे ओले फडके डबीसमोर आले की वायपर त्याला पाऊसच समजतो, आणि त्याच्या बोटांची पर्वा करीत नाही.

टेस्ला कंपनीने या डबीलाच रजा देण्याचे धाडस केले. गाडी हाकण्यास साहाय्य करणारे कॅमेरे काचेमागे बसविलेलेच आहेत, तेव्हा त्यांनाच पाऊस का ओळखू देऊ नये, असा तिचा विचार. आणि पावसाची व बिनपावसाची असंख्य चित्रे दाखवून शिकविलेली गणकव्यवस्था तिने या कामाला जुंपली. तत्त्वतः हा मार्ग अधिक योग्य आहे, कारण कॅमेरा काचेचा ओलेपणा न पाहता दृश्याचा बिघाड पाहतो, आणि चालकाची मागणीही तीच असते. परंतु व्यवहारात कॅमेऱ्याची नजर दूरच्या रस्त्यावर खिळविलेली असते. काही सेंटिमीटरांवरचा थेंब त्याला पुसट डागासारखा दिसतो, आणि तसाच डाग मावळत्या सूर्याच्या तिरपीनेही पडू शकतो. कोरड्या काचेवर वायपर फिरल्याच्या टेस्ला-मालकांच्या तक्रारी वर्षानुवर्षे चालू आहेत. ज्या प्रश्नाला तीन आकडे आणि एक कोन यांनी उत्तर दिले होते, तो लक्षावधी चित्रांना विचारण्याने सुटतोच असे नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

पाऊस मोजीत नाही असे ज्या यंत्राविषयी वर म्हटले, त्याच्याकडूनच पावसाची मोजदाद करवून घेण्याचा उद्योग मात्र शास्त्रज्ञांनी आरंभिला आहे, आणि तो हास्यास्पद नाही. जर्मनीतील हानोव्हर विद्यापीठातील संशोधकांनी २०१० सालाच्या सुमारास असा विचार मांडला की, पर्जन्यमापके अचूक असली तरी संख्येने थोडी आणि दूरदूर आहेत, मोटारी मात्र सर्वत्र आणि सतत फिरत आहेत. तेव्हा ढोबळ नोंदी करणारी हजारो फिरती साधने मोजक्या अचूक साधनांच्या नोंदींना पूरक ठरू शकतील. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी ॲन आर्बर शहरातील मोटारींच्या वायपरच्या नोंदी घेऊन पाऊस कोठे चालू आहे व कोठे नाही हे रडारच्या चित्राशी पडताळून पाहिले, आणि २०१९ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. हा विचार सह्याद्रीला जितका लागू पडतो तितका क्वचितच कोठे पडेल. महाबळेश्वरी वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, वीसएक किलोमीटरवरच्या पाचगणीत तो त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येतो, आणि पसरणीचा घाट उतरून वाईत यावे तर शेते कोरडवाहू लागतात. एवढ्या थोड्या अंतरातला हा उतार दोन-चार ठिकाणच्या मापकांत पुरता सापडत नाही. वाईहून महाबळेश्वरास जाणाऱ्या प्रत्येक मोटारीच्या काचेवर मात्र तो क्रमाक्रमाने लिहिला जात असतो. तो वाचण्यापूर्वी एक तजवीज करावी लागेल. दांडीवरच्या संवेदनशीलतेच्या चकतीने एकाच पावसात एक चालक आपला वायपर चपळ ठेवतो आणि दुसरा आळशी, त्यामुळे वायपरच्या फेऱ्या मोजून भागणार नाही. डबीकडे परत आलेल्या प्रकाशाचा मूळ आकडाच गाडीबाहेर पाठवावा लागेल, आणि तो पाठविण्याची सोय सर्वसाधारण गाड्यांत अजून केली जात नाही.